पॉलिइथिलीन–हेक्झेनचे क्लाउड पॉइंट मॉडेलशी जुळत नाहीत: के-आय-जे बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वजनी सरासरी रेणुभार (लांब साखळ्यांना जास्त वजन देणारी सरासरी) साधारण एक लाख आणि आकडी सरासरी (साखळ्यांच्या संख्येवरून काढलेली) वीस हजार असलेलं लिनियर पॉलिइथिलीन एन-हेक्झेनमध्ये ५ टक्के विरघळवलं, काही नमुन्यांत इथिलीनही घातलं. १३० ते २०० अंश सेल्सियसमध्ये व्ह्यू सेलवर (खिडकी असलेल्या दाबपात्रात) क्लाउड दाब, म्हणजे दाब उतरवताना द्रावण धूसर होतं तो दाब, मोजले. फ्लोरी-हगिन्स हे पॉलिमर द्रावणाचं जाळी-मॉडेल दाबाचा परिणाम दाखवतच नाही. पीसी-सॅफ्ट हे साखळी-रेणूंसाठीचं अवस्था-समीकरण तो दाखवतं, पण प्रत्यक्षापेक्षा ३०–४० बार कमी. तापमानावर अवलंबून असलेला के-आय-जे (दोन घटकांमधल्या आकर्षणाची दुरुस्ती करणारा स्थिरांक) घातला की आकडे जुळतात, आणि इथिलीन आलं की पुन्हा बिनसतात. शिवाय फ्लॅश, म्हणजे फेज कसे वेगळे होतात याची आकडेमोड, कन्व्हर्ज होत नाही (उत्तरावर स्थिरावत नाही). तर कोणतं मॉडेल घ्यावं?

माझ्या मते इथे मॉडेलची निवड हा दुय्यम भाग आहे. पीसी-सॅफ्ट या कामाला पुरेसं आहे. अडचण अशी की ३०–४० बारचा फरक चार वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतो आणि के-आय-जे ही एकच किल्ली ती चारही कारणं झाकून टाकते. दोन घटकांत झाकलेली चूक तिसरा घटक आला की उघडी पडते, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. नेमकं कारण कोणतं, हे तुमच्या सेलवर, नमुन्याच्या रेणुभार वितरणावर आणि मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. त्यामुळे मी तपासण्याचा क्रम सांगतो.

आधी फ्लोरी-हगिन्सचा विषय संपवू. त्या मॉडेलमध्ये जाळीतली प्रत्येक जागा भरलेली असते, म्हणजे मिश्रण दाबलं जातच नाही. खऱ्या हेक्झेनची घनता २५ अंशांना ०.६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते, १५० अंशांना संपृक्त द्रवाची ०.५२ च्या आसपास उतरते. त्याच तापमानाला पॉलिइथिलीनचा मेल्ट (वितळलेला द्रव) ०.७८ वर असतो. फुगलेला हेक्झेन लांब साखळीभोवती आला की थोडा आवळला जातो, मिश्रणाचं आकारमान घटतं आणि एन्ट्रॉपीचं नुकसान होतं. तापमान वाढवल्यावर द्रावण फुटतं ते यामुळे, आणि दाब दिल्यावर पुन्हा एक होतं तेही यामुळेच, कारण मिसळण्याच्या गिब्ज ऊर्जेचा दाबाबरोबरचा बदल म्हणजे मिसळताना होणारा आकारमानातला बदल, आणि तो इथे ऋण आहे. फ्रीमन आणि रोलिन्सन यांनी १९६० साली हायड्रोकार्बन पॉलिमर आणि हायड्रोकार्बन द्रावकांत हे खालचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तापवलं की द्रावण फुटतं ते तापमान, दाखवलं. जास्त रेणुभाराच्या लिनियर पॉलिइथिलीनसाठी द्रावकाच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली ते पेंटेनमध्ये सुमारे ८० अंश, हेक्झेनमध्ये १३० च्या आसपास आणि हेप्टेनमध्ये १७० च्या पुढे येतं. तुम्ही १३० पासून सुरुवात केलीत, म्हणजे बरोबर त्या उंबरठ्यावर आहात. पॉलिइथिलीन बनवायच्या स्क्लेअरटेकसारख्या सोल्यूशन प्रक्रियेत, म्हणजे आपल्याकडे गुजरातमधल्या हजिरा आणि उत्तर प्रदेशातल्या पाता इथे, सायक्लोहेक्झेन द्रावक असतो. त्याचं क्रांतिक तापमान २८० अंश आहे, हेक्झेनचं २३४, त्यामुळे हा उंबरठा बराच वर सरकतो.

फ्लोरी-हगिन्स एका गोष्टीसाठी मात्र हाताशी ठेवा: क्रांतिक बिंदू साधारण कुठे पडेल याचा अंदाज. क्रांतिक आकारमान-अंश म्हणजे एक भागिले (एक अधिक साखळीच्या लांबीचं वर्गमूळ). लांबी १००० धरली तर ०.०३१ येतो, आणि फ्लोरी पॅरामीटरचं (पॉलिमर-द्रावक आंतरक्रियेच्या आकड्याचं) क्रांतिक मूल्य ०.५३२. म्हणजे क्लाउड वक्राचा सपाट माथा काही टक्क्यांपाशीच असतो. तुमचे ५ टक्के त्या सपाट भागात असल्यामुळे वजनात थोडी चूक झाली असली तरी तिने ३०–४० बारचा फरक पडणार नाही. हे कारण इथेच बाद करा.

आता मोजमाप. पहिला प्रश्न: तुम्ही जे पाहिलं तो द्रव-द्रव क्लाउड पॉइंटच होता का? तुमच्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास तीन वेगळ्या घटना एकमेकींजवळ येतात. खालच्या तापमानाला पॉलिइथिलीनचं स्फटिकीकरण. हेक्झेनमध्ये ते ग्रेडनुसार साधारण ९० ते ११५ अंशांत सुरू होतं. त्याची रेषा दाब-तापमान आलेखावर जवळजवळ उभी असते, कारण दाबाचा त्यावर परिणाम फार कमी. खालच्या दाबाला बुडबुडे. शुद्ध हेक्झेनचा बाष्पदाब १५० अंशांना साडेसात बार आणि १८० ला जवळपास १३ बार आहे. या दोहोंमध्ये द्रव-द्रव वक्र असतो, जो हेक्झेनसाठी तापमानाबरोबर दर अंशामागे साधारण एक-दोन बारने चढतो. बुडबुडे वर जातात आणि दाब-आकारमान आलेखात स्पष्ट गुडघा दिसतो, कारण वाफ सहज दबते. द्रव-द्रव विलगीकरणात संपूर्ण सेल एकदम दुधाळ होतो आणि गुडघा जवळपास नसतो. पिस्टनची जागा प्रत्येक वेळी नोंदवत असाल तर हा फरक नंतरही शोधता येतो. नोंदवत नसाल तर आजपासून नोंदवा.

दुसरी गोष्ट दाब कुठे मोजता ही. फिरत्या पिस्टनच्या सेलमध्ये सेन्सर बऱ्याचदा तेलाच्या बाजूला असतो. दाब उतरवताना पिस्टन तेलाकडे सरकतो आणि ओ-रिंगचं घर्षण त्याला अडवतं, त्यामुळे नमुन्यातला खरा दाब वाचलेल्या दाबापेक्षा घर्षणाइतका जास्त असतो. हे घर्षण ओळखायला सोपा उपाय आहे: सेलमध्ये नुसता हेक्झेन भरून १५० अंशांना त्याचा बाष्पदाब मोजा. साडेसातऐवजी जे काही वाचाल तो फरक त्या तापमानाचं घर्षण. नवी ओ-रिंग घातल्यावर हे परत करा. रिंग एफकेएम रबराची हवी. ईपीडीएम हेक्झेनमध्ये फुगते आणि पिस्टन अडकतो. तुमच्या बाबतीत घर्षणामुळे मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमीच येईल, म्हणजे मॉडेलशी असलेली तफावत प्रत्यक्षात आणखी मोठी असू शकते.

तिसरी गोष्ट, आणि माझा पहिला संशय इथे आहे: सेलमध्ये उरलेला नायट्रोजन. वायू हा या द्रावणात प्रतिद्रावकासारखा वागतो. थोडासा नायट्रोजनसुद्धा हेक्झेनचा फुगीरपणा वाढवतो आणि क्लाउड दाब वर ढकलतो. भरण्याचा क्रम असा ठेवा. आधी पॉलिमर पावडर वजन करून टाका, सोबत पॉलिमरच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत हिंडर्ड फिनॉल जातीचा अँटिऑक्सिडंट. मग व्हॅक्यूम लावा, दोन-तीनदा नायट्रोजनने धुवा आणि शेवट व्हॅक्यूमवरच करा. त्यानंतर गॅस काढून टाकलेला हेक्झेन आत ओढून घ्या. हेक्झेन आत गेल्यावर व्हॅक्यूम लावू नका. तो ६९ अंशांना उकळतो, खोलीच्या तापमानालाही भराभर उडतो आणि तुमचे ५ टक्के मग ५ टक्के राहत नाहीत. इथिलीन शेवटी घाला, छोट्या सिलिंडरच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातल्या फरकावरून. दाबावरून काढलेलं वजन या कामाला पुरेसं अचूक नसतं.

प्रत्यक्ष मोजताना द्रावण क्लाउड दाबाच्या किमान ५०–१०० बार वर नेऊन दोन तास ढवळा. मग दाब हळूहळू उतरवा. अंदाजे बिंदू कळल्यावर दुसऱ्या फेरीत त्याच्या जवळ सेकंदाला अर्ध्या बारपेक्षा कमी गती ठेवा. धूसर होण्याचा क्षण डोळ्यांनी ठरवत असाल तर निकष एकच ठेवा, उदाहरणार्थ चुंबकी स्टरर दिसेनासा होणं. तीन फेऱ्यांतला फरक २–३ बारच्या आत आला पाहिजे. खिडकीसमोर डोळा लावून बसू नका, कॅमेरा किंवा आरसा वापरा. इथिलीन असेल तर फुटणारी डिस्क आणि तापमानाची वरची मर्यादा या दोन्ही गोष्टींत तडजोड नको, कारण उच्च दाबाला तापलेलं इथिलीन उष्णता सोडत विघटित होऊ शकतं.

दिवसाच्या सुरुवातीला जे तापमान मोजलंत तेच शेवटी परत मोजा. यातून बरंच कळतं. क्लाउड दाब वर सरकला असेल तर साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, म्हणजे ऑक्सिजन आत होता. खाली सरकला असेल तर साखळ्या तुटल्या किंवा इथिलीन गळलं. नुसत्या हेक्झेनच्या नमुन्यात गळतीचा परिणाम एवढा दिसणार नाही, हे वर सांगितलेल्या सपाट माथ्यावरून लक्षात येईल.

आता रेणुभार. मॉडेलमध्ये तुम्ही पॉलिमर एकाच रेणुभाराचा धरलाय असं दिसतं, पण तो कोणता? सिम्युलेटरमध्ये पॉलिमरचा आकडा सहसा आकडी सरासरीतून येतो. तुमच्या नमुन्यात ती वीस हजार आहे. द्रावण धूसर होतं ते सर्वांत लांब साखळ्या आधी बाहेर पडतात म्हणून, आणि क्लाउड पॉइंट आकडी सरासरीपेक्षा वजनी सरासरीच्या बराच जवळ चालतो. वीस हजार वापरले तर मॉडेल पॉलिमरला प्रत्यक्षापेक्षा जास्त विरघळणारा समजतं आणि क्लाउड दाब कमी सांगतं. तुमच्या चुकीची दिशा अगदी हीच आहे. म्हणून आधी एका घटकासाठी एक लाख घालून बघा. तफावतीचा मोठा भाग तिथेच गेला तर आश्चर्य वाटायला नको.

याहून चांगला मार्ग म्हणजे दोन बनावट घटक. त्यांचे रेणुभार आणि वजन-अंश असे निवडायचे की आकडी, वजनी आणि झेड (सर्वांत लांब साखळ्यांना झुकतं माप देणारी) या तिन्ही सरासऱ्या जुळतील. अटी चार आहेत: वजन-अंशांची बेरीज एक, वजन-अंश भागिले रेणुभार यांची बेरीज म्हणजे आकडी सरासरीचा व्यस्तांक, वजन-अंश गुणिले रेणुभार यांची बेरीज म्हणजे वजनी सरासरी, आणि वजन-अंश गुणिले रेणुभाराचा वर्ग यांची बेरीज म्हणजे वजनी गुणिले झेड सरासरी. तुमची झेड सरासरी तीन लाख असेल असं धरून सोडवलं तर एक घटक सुमारे १४,९०० रेणुभाराचा आणि ७३.४ टक्के वजनाचा येतो, दुसरा सुमारे ३,३५,००० चा आणि २६.६ टक्के. झेडचा खरा आकडा तुमच्या जीपीसी (रेणुभार वितरण मोजणारी क्रोमॅटोग्राफी) अहवालातून घ्या. जीपीसीची लांब शेपटी बेसलाइन कुठे धरली यावर खूप हलते, त्यामुळे अहवालातली झेड सरासरी डोळे झाकून घेऊ नका. विलग झालेल्या पातळ फेजमध्ये किती पॉलिमर उरतो हे विचारायचं असेल तर एकाच रेणुभाराच्या मॉडेलचं उत्तर निरुपयोगी असतं. तिथे हे दोन घटक लागतातच.

मग येतात पॅरामीटर. ग्रॉस आणि साडोव्स्की यांचं पीसी-सॅफ्ट २००१ चं, पॉलिमरसाठीचं काम २००२ चं. त्यात एम म्हणजे साखळीतल्या तुकड्यांची संख्या, सिग्मा तुकड्याचा व्यास आणि एप्सिलॉन आकर्षणाची ऊर्जा. त्यांच्या संचात उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनसाठी एम भागिले रेणुभार ०.०२६३, सिग्मा ४.०२१७ अँगस्ट्रॉम, एप्सिलॉन २५२ केल्विन. हेक्झेनसाठी एम ३.०५७६, सिग्मा ३.७९८३, एप्सिलॉन २३६.७७. इथिलीनसाठी १.५९३०, ३.४४५० आणि १७६.४७. एक लाख रेणुभाराच्या साखळीचा एम म्हणजे २६३०, हे एकदा हाताने तपासा, कारण एककांची गफलत इथेच होते. तुमच्या फाइलमध्ये निम्न घनतेच्या पॉलिइथिलीनचा संच, म्हणजे एप्सिलॉन २४९.५, चुकून आलाय का तेही बघा.

पॉलिमरचे शुद्ध पॅरामीटर हा या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग आहे. लहान रेणूंसाठी बाष्पदाब आणि घनता दोन्ही वापरून पॅरामीटर बसवता येतात. पॉलिमरला बाष्पदाबच नाही. फक्त मेल्टच्या घनतेवर बसवले तर घनता सुंदर येते आणि मिश्रण भलतीकडे जातं. म्हणून वरचे आकडे घनता आणि एका द्विघटक मिश्रणाचा क्लाउड डेटा एकत्र वापरून बसवलेले आहेत. सिग्मा एका लेखातून आणि एप्सिलॉन दुसऱ्यातून असं कधीही घेऊ नका; तिन्ही आकडे एकत्रच अर्थपूर्ण असतात. सँचेझ-लॅकोंब (जाळीवर आधारलेलं दुसरं अवस्था-समीकरण) वापरायचं असेल तरी हाच नियम. ते समीकरण हलकं आहे आणि ढोबळ कामाला चालतं, पण लहान रेणूंचा बाष्पदाब आणि घनता एकाच वेळी नीट देणं त्याला अवघड जातं, आणि तुमच्या मिश्रणात इथिलीन आहे. मी पीसी-सॅफ्टवरच राहीन.

एवढं झाल्यावर मॉडेलचा वक्र आणि मोजलेले बिंदू एकाच आलेखावर काढा आणि चुकीचा आकार बघा. वक्र समांतर वर-खाली सरकलेला असेल तर रेणुभार, उरलेला वायू किंवा के-आय-जे. उतारच वेगळा असेल तर पॉलिमरचे शुद्ध पॅरामीटर, किंवा खालच्या टोकाचे काही बिंदू खरंतर बुडबुड्यांचे. फक्त पातळ द्रावणांत फरक पडत असेल तर रेणुभाराचं वितरण. तापमानावर अवलंबून असलेला के-आय-जे उताराची चूक गिळून टाकतो. तुमच्या बाबतीत त्याने तेच केलं असावं, आणि म्हणून मी तो अगदी शेवटचा उपाय मानतो. हेक्झेन आणि पॉलिइथिलीन रासायनिकदृष्ट्या इतके सारखे आहेत की त्यांच्यातला के-आय-जे शून्याच्या अगदी जवळ, तिसऱ्या दशांशात असायला हवा. तुम्हाला ०.०२ लागत असेल तर चूक दुसरीकडे आहे असं समजा. तो तिसऱ्या दशांशात हलवला तरी क्लाउड दाब चांगलाच हलतो, म्हणून बसवताना एकच तापमान वापरा, समजा १७० अंश, आणि बाकीची तापमानं मॉडेलला भाकीत करू द्या.

इथिलीनचं गणित वेगळं आहे. ते फार हलकं आणि फुगीर असल्यामुळे त्याचा भाग वाढला की क्लाउड वक्र वर जातो, चढ कमी होतो आणि पुढे उतार ऋण होतो. शुद्ध इथिलीनमध्ये पॉलिइथिलीन विरघळवायला हजार बारच्या वर दाब लागतो आणि तिथे तापमान वाढवल्यावर लागणारा दाब घटतो. त्यामुळे इथिलीन–हेक्झेनचा के-आय-जे त्या जोडीच्या बाष्प-द्रव डेटावरून काढा, पॉलिइथिलीन–इथिलीनचा उच्च दाबाच्या प्रकाशित क्लाउड डेटावरून, तो ०.०४ च्या आसपास येतो. तीन जोड्या, तीन स्थिरांक. तुमचे त्रिघटक बिंदू एकाही बसवणीत वापरू नका, ते पूर्णपणे तपासणीसाठी राखा. हे बिंदू १०–१५ बारच्या आत आले तर मॉडेलवर विश्वास ठेवून रिअ‍ॅक्टरचा दाब ठरवायला हरकत नाही, अर्थात त्या १०–१५ बारची सोय वर ठेवूनच.

शेवटी कन्व्हर्जन्स. ५ टक्के द्रावणात, रेणुभार एक लाख धरला तर, पॉलिमरचा मोल-अंश सुमारे ०.००००४५ आहे, आणि पातळ फेजमध्ये तो इतका लहान होतो की संगणकाच्या अचूकतेखाली जातो. मोल-अंश हा चल ठेवलात तर आकडेमोड मोडणारच. चल म्हणून मोल-अंशाचा लॉगॅरिदम घ्या, फ्युगॅसिटी (घटकाची फेजमधून निसटण्याची प्रवृत्ती) गुणांकही लॉगमध्येच ठेवा, कारण पॉलिमरसाठी तो लॉग शेकड्यांत असू शकतो. घनतेसाठी दोन सुरुवाती द्या: द्रवासाठी पॅकिंग अंश (रेणूंनी व्यापलेल्या जागेचा वाटा) ०.५, वाफेसाठी जवळपास शून्य. समीकरणाची जास्त मूळं (उत्तरं) सापडली तर कमी गिब्ज ऊर्जेचं घ्या. पण अवास्तव घनतेचं मूळ आधी वगळा, कारण लांब साखळ्यांसाठी पीसी-सॅफ्ट कमी तापमानाला खोटी विलगीकरणंही दाखवतं. क्लाउड पॉइंटसाठी पूर्ण फ्लॅश करू नका. मिकेलसनची स्पर्श-प्रतल चाचणी वापरा: दिलेल्या तापमान, दाब आणि घटकांच्या प्रमाणाला मिश्रण स्थिर आहे का, एवढंच विचारा, आणि दाब उतरवत उत्तर जिथे बदलतं तो बिंदू पकडा. सुरुवात ५,००० रेणुभाराने करा, उत्तर आलं की तेच पुढची सुरुवात धरून १०,०००, २०,००० असं वर जा. थेट एक लाखाने सुरू केलं तर सॉल्व्हर बहुतेक वेळा दोन्ही फेज सारख्याच धरून थांबतो, आणि ते उत्तर खरं वाटतं, कारण त्यात शेष (समीकरणात उरणारी चूक) शून्य असतो. म्हणून प्रत्येक उत्तरात दोन फेजच्या घनता आणि पॉलिमरचे अंश खरोखर वेगळे आहेत का, ही तपासणी कोडमध्येच घालून ठेवा.

हे सगळं करूनही १५ बारपेक्षा जास्त फरक राहिला तर इथे चार गोष्टी लिहा: जीपीसीच्या तिन्ही सरासऱ्या, दाबाचा सेन्सर पिस्टनच्या कोणत्या बाजूला आहे, शुद्ध हेक्झेनच्या बाष्पदाबाचं तुमचं वाचन, आणि एका तापमानाचा पिस्टनची जागा विरुद्ध दाब हा आलेख.